पावसाळ्यात जेडचे खोड बुंध्याशी कुजले आहे, रोप वाचवता येईल का?

प्रश्न : राजारामपुरी, कोल्हापूर

आमच्या गॅलरीत आईच्या हातचे जेड (जाड, रसदार पानांचे शोभेचे रोप) आहे. मी ते लहानपणापासून बघत आले आहे आणि आता त्याचे खोड अंगठ्याहून जाड झाले आहे. पावसाची झड लागल्यापासून तळाची पाने पिवळट, पाणी भरल्यासारखी दिसू लागली असून नुसता हात लागला तरी गळून पडतात. मातीलगतचे खोड काळपट झाले आहे आणि दाबल्यावर बोट आत जाते. वरच्या फांद्या मात्र टणक आणि हिरव्यागार आहेत. कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत आहे. पाणी पूर्ण बंद केले आहे, तरी माती सुकत नाही. बुरशीनाशक ओतून हे खोड सावरेल का, की वरचा भाग कापून घ्यावा?

उत्तर : मंगळवार पेठ

ताई, कापा, आणि शक्यतो आजच कापा. मऊ पडलेले खोड पुन्हा टणक होत नाही, आणि कुज आतल्या आत वर चढत असल्यामुळे बाहेरून हिरव्या दिसणाऱ्या भागाचाही भरवसा धरता येत नाही. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून काळ्या भागाच्या बरेच वर आडवा छेद घ्या आणि कापलेली बाजू उजेडात धरून पाहा. मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडेने तपकिरी कडे दिसले, तर ब्लेड पुन्हा पुसून आणखी अर्धा इंच वर कापा. सगळा काप एकसारखा फिकट हिरवा, स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका, मग फांदी आखूड झाली तरी चालेल. त्यानंतर ती सावलीत, वारा खेळेल अशा जागी कोरडी ठेवा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत धरणारी खपली आपल्याकडच्या जुलैत आठवडा-दहा दिवसही घेते. घाई करून ओल्या जखमेसह लावलेली फांदी पुन्हा कुजते.

उत्तर : कागल

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. औषधाविषयी थोडे लिहितो. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचे मिश्रण कृषी सेवा केंद्रात सहज मिळते आणि लिटरभर पाण्याला दोन ग्रॅम हे त्याचे नेहमीचे प्रमाण आहे. परंतु खोडकूज एकाच कारणाने होत नाही. फ्युजेरियम ही खरी बुरशी आहे, तर पिथियम आणि फायटोप्थोरा हे बुरशीसारखे दिसणारे, पण वेगळे सूक्ष्मजीव आहेत आणि त्यांच्यावर नुसत्या कार्बेन्डाझिमचा उपयोग होत नाही. तेथे मेटालॅक्झिल हे वेगळे औषध लागते. कुजलेल्या भागाला दुर्गंधी येऊन तो चिखलासारखा झाला असेल, तर बहुधा जिवाणूंची कुज असते आणि यांपैकी कशानेही ती थांबत नाही. म्हणून औषध ओतत बसण्यापेक्षा कापणे हाच उपाय धरावा. कापावर चिमूटभर बुरशीनाशकाची भुकटी लावायला हरकत नाही, मात्र हातमोजे घालून. हळद लावणारेही बरेच आहेत, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. बराच वर गेल्यावर काप स्वच्छ निघाला आणि तीन फांद्या हाती आल्या. आता माती कशी करावी?

उत्तर : मंगळवार पेठ

कोकोपीट या हवेत पाणी धरून ठेवते, त्यामुळे ते टाळाच. दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक खडे आणि एक भाग बागेची माती घ्या. खडे चाळून त्यांतली भुकटी काढून टाका, नाहीतर तीच तळाशी बसून चिखल करते. जुनी माती मुळीच वापरू नका. भोक असलेली मातीची लहान कुंडी घ्या आणि खाली ताटली ठेवू नका. लावल्यावर दोन-तीन आठवडे पाणी देऊ नये. फांदी हलकेच ओढून पाहावी आणि ती मातीत धरून राहिली, तरच थोडे पाणी द्यावे. गळलेल्यांपैकी एखादे टणक पान देठाच्या टोकापर्यंत अखंड असेल, तर ते कोरड्या वाळूवर नुसते ठेवा. जेड पानापासूनही फुटते, त्यामुळे फांद्या दगावल्या तरी आईचे झाड हातचे जाणार नाही.