मदत हवी आहे: खाडीतल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थराचं कार्बन-14 वय काढायला नेमकं काय वेचावं?

शिवडीच्या बाजूच्या एका बोअरचा कोअर (जमिनीतून काढलेला मातीचा उभा दंडगोल) हाताशी आहे. 4.2 ते 4.4 मीटरवर काळपट, तंतुमय थर. वर करडा गाळ, खाली मुरूम. 550 अंशांवर चार तास जाळल्यावर कोरड्या वजनात 34 टक्के घट आली. चिकणमातीत बांधलेलं पाणी वजा धरलं तरी सेंद्रिय भाग भरपूर आहे. पण तो जागेवरच साचला की भरतीने आणून टाकला, हे ठरत नाही. मुंबई बंदरातला प्रिन्सेस डॉक खणताना गाळाखाली खैराची झाडं सापडली होती. तसा ठोस पुरावा इथे नाही.

10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून 150 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतलं. बारीक मुळं खूप, पानांचे तुकडे थोडेच, तळाच्या 2 सेंटिमीटरमधून सुकवून जेमतेम 3 मिलिग्रॅम. मुळं वरच्या कांदळवनाची असतील तर वय कमी येणार. शिंपले घेतले तर समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे जास्त.

अर्धा कोअर उघड्यावर सुकला आणि त्यावर जिप्समच्या सुया उगवल्या. गाळातल्या पायराइटपासून (लोह-गंधकाचं खनिज) आम्ल झालं, चुन्याच्या कवचाचे फोरामिनिफेरा (कवचवाले सूक्ष्म एकपेशीय जीव) त्यात विरघळले. उरलेला अर्धा प्लास्टिकमध्ये गुंडाळून 4 अंशांवर ठेवलाय.

परागकणांभोवतालची वाळू-माती विरघळवायला हायड्रोफ्लुरिक आम्लाची सोय नाही, पुन्हा बोअर घेता येणार नाही, आणि पैसे दोनच एएमएस (अगदी थोड्या नमुन्यावर कार्बन-14 मोजण्याची पद्धत) वयांपुरते आहेत.

तळासाठी ते 3 मिलिग्रॅम तुकडे एकत्र पाठवावेत का? आणि सोडियम पॉलिटंग्स्टेटच्या जड द्रावणात तरंगवून वेगळे केलेले परागकण व वाळूचे कण चिकटवून कवच करणारे फोरामिनिफेरा, एवढ्यावर थर जागेवरचा आहे असं म्हणता येईल का?