मदत हवी आहे: मराठी सूत्रांसाठी पार्सर जनरेटर कोणता घ्यावा?

मंडळी, दादरच्या एका छोट्या हिशेबाच्या ऑफिससाठी सॉफ्टवेअर लिहितोय. तिथल्या काकांचा हट्ट आहे की सूत्रं मराठीतच हवीत: 'जर विक्री > ५००० तर सूट = १० नाहीतर सूट = ०'.

अशी सूत्रं वाचणारा कोड (पार्सर) व्याकरणाच्या नियमांवरून बनवून देणारं टूल, म्हणजे पार्सर जनरेटर, शोधतोय. आधी फ्लेक्स (मजकुराचे शब्द पाडणारं) आणि बायसन (ते व्याकरणाशी जुळवणारं) घेतलं. फ्लेक्स अक्षरं नाही, बाइट बघतो. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाचे ३ बाइट, त्यामुळे नियम लिहितानाच घाम फुटला. मग पायथनचं लार्क, तेही पार्सर बनवणारंच. तिथे नावं ओळखायला नेहमीचं बॅकस्लॅश-डब्ल्यू ('शब्दातलं कुठलंही अक्षर' असं सांगणारी खूण) वापरलं, तर पायथनचं रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधणारी सोय) मात्रा-वेलांटीला अक्षर मानतच नाही! 'विक्री' हा शब्द 'व'पाशीच तुटतो. डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या ही चूक सापडली, नाहीतर अख्खा आठवडा गेला असता.

आता अँटलर ४ हा तिसरा पार्सर जनरेटर बघतोय. युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या अक्षरसंचाचे) गट थेट लिहिता येतात, डावं रिकर्शनही, म्हणजे नियमाची सुरुवात त्याच नियमाने करणं, चालतं (थेट असेल तरच). पण टूल चालवायला जावा लागतं, आणि काकांना चूक दाखवणारे संदेशही मराठीत हवेत. तिथे स्वतःचा एरर लिसनर (चूक सापडली की आपला संदेश दाखवणारा कोड) कुणी लिहिलाय का? कितपत त्रास होतो?

दुसरं, जरच्या आत जर आला की 'नाहीतर' कुणाचा? बायसन शिफ्ट करून, म्हणजे आधीचं वाक्य न संपवता पुढचा शब्द आत घेऊन, तो जवळच्या 'जर'ला देतो. व्याकरणात 'जर'च्या शेवटी 'संपलं' असा शब्दच सक्तीचा करावा का?

की एवढ्याशा भाषेला हातानेच रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर (प्रत्येक नियमाला एक फंक्शन) लिहून मोकळा होऊ?