मदत हवी आहे : लेखनिक म्हणून माझे नाव ऐनवेळी नाकारले

अबोली_पुणे
पेपर सोमवारी आहे आणि आज गुरुवार उलटत आला आहे, त्यामुळे कृपया मुद्द्याचेच उत्तर द्यावे. एका अंध विद्यार्थ्याचे पेपर लिहून देण्याचे मी स्वीकारले, त्याच्याबरोबर सराव केला, कार्यालयातून रजाही मंजूर करून घेतली. आज महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाने अर्ज परत केला आणि "तुम्ही चालणार नाही" एवढेच सांगितले. विनामोबदला काम करायला आलेल्या माणसाला असे परत पाठवण्याचा त्यांना अधिकार आहे का? तक्रार कोणाकडे करावी?

जुना_खडू
परीक्षा कोणती, वर्ष कोणते आणि तुमचे स्वतःचे शिक्षण किती, हे तिन्ही तुम्ही लिहिलेले नाही. बारावी असेल तर परवानगी विभागीय मंडळाची लागते आणि लेखनिक त्याखालच्या इयत्तेतलाच चालतो; पदवी असेल तर विद्यापीठाचे परिपत्रक पाहावे लागेल. माहिती न देता तक्रारीचा पत्ता विचारण्यात अर्थ नाही.

रातराणी
लेखनिकाच्या भानगडीत पडताच कशाला? एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते. माझा भाचा त्यावर सराईतपणे टंकलेखन करतो. विद्यार्थ्याने स्वतःचा लॅपटॉप घेऊन जावे आणि स्वतःची उत्तरे स्वतः लिहावीत, म्हणजे कोणाचे उपकार नकोत.

नदीकाठ
रातराणी, २०१८ ची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे वाचलीत तर दिसेल की संगणकावर परीक्षा देता येते, परंतु स्वतःचा लॅपटॉप चालत नाही. केंद्राने दिलेला संगणक आदल्या दिवशी तपासून घेण्याची मुभा मात्र आहे. शिवाय ज्याने वर्षभर तोंडी उत्तरे सांगण्याचा सराव केला, त्याला चार दिवसांत मराठी कळफलक शिकवणार कोण?

अबोली_पुणे
माझ्या शिक्षणाचा येथे काय संबंध? मी अभियंता आहे, विद्यार्थी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि विषय अर्थशास्त्र आहे. त्यातले मला ओ की ठो कळत नाही, तेव्हा उत्तर सुचवण्याचा प्रश्नच येत नाही.

जुना_खडू
संबंध आहे आणि नकाराचे कारणही तेच असणार. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणत असेल, तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे, असे त्याच तत्त्वांत म्हटले आहे. तुमची शाखा वेगळी असल्याने हा नियम शिथिल होत नाही. तक्रारीत दिवस घालवण्यापेक्षा प्रथम किंवा द्वितीय वर्षाचा विद्यार्थी आजच शोधा.

सदाफुली
एवढ्या धावपळीची गरज नाही. अर्जाला बारावीची गुणपत्रिका जोडा आणि पदवीचा उल्लेख करू नका. आमच्याकडे असे सर्रास चालते.

नदीकाठ
सदाफुली, हा सल्ला कृपया मागे घ्यावा. लेखनिकाच्या पात्रतेबद्दलचे हमीपत्र परीक्षार्थी स्वतःच्या सहीने देतो. माहिती खोटी निघाली तर तुमचे काही बिघडत नाही, त्याची परीक्षा मात्र जाते.

सदाफुली
नियमच विचित्र असेल तर माणसाने काय करावे? अठरा वर्षांच्या मुलाला अर्थशास्त्रातल्या संज्ञा लिहिता येत नाहीत आणि मार खातो तो परीक्षार्थी.

जुना_खडू
या मुद्द्यावर मी सदाफुलींशी सहमत आहे, उपायाशी नाही. मी पर्यवेक्षक असताना असे लेखनिक पाहिले आहेत, ज्यांना 'सीमांत उपयोगिता' हे शब्द अक्षर अक्षर सांगावे लागत आणि त्यात परीक्षार्थीची विचारांची साखळी तुटत असे. यासाठीच विद्यार्थ्याला लेखनिकाची दोन दिवस आधी भेट घेऊ द्यावी, अशी तरतूद आहे. त्या भेटीत गप्पा न मारता विषयातल्या नेहमीच्या संज्ञा लिहवून घ्याव्यात. आणखी एक वाट म्हणजे विद्यार्थ्याने परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज करून त्यांच्याकडूनच लेखनिक मागावा. स्वतःचा आणायचा की त्यांचा घ्यायचा, ही निवड २०१८ च्या तत्त्वांनुसार त्याची आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

चैत्रपालवी
ताई, लेखनिक होणे जमत नसेल तर पुस्तके ध्वनिमुद्रित करून द्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांगांसाठी पुस्तकाची वाचनसुलभ प्रत करणे हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरत नाही आणि अंधांसाठी अशा प्रती करू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता, २०१४ साली. आम्ही चार मैत्रिणी मिळून...

अबोली_पुणे
चैत्रपालवी, सोमवारी पेपर आहे. ध्वनिमुद्रणाबद्दल नंतर अवश्य बोलू.

नव्या लेखनिकासाठी विद्यार्थ्याच्या महाविद्यालयातली द्वितीय वर्ष वाणिज्यची एक मुलगी तयार झाली आहे. तिने हे काम कधी केलेले नाही. तिला काय सांगू?

नदीकाठ
प्रथम संपूर्ण प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी, प्रत्येक प्रश्नाचे गुण आणि 'कोणतेही दोन सोडवा' यांसारख्या सूचनांसह; पर्याय वाचताना एकाच सुरात वाचावेत, कारण आवाजाचा चढ हीसुद्धा सूचनाच ठरते. जे सांगितले जाईल तेच लिहावे. वाक्य चुकीचे वाटले तरी सुधारू नये. वेळ किती उरला, हे विद्यार्थ्याने ठरवून दिलेल्या अंतराने सांगावे. दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे अडीच तासांचा पेपर असेल तर ५० मिनिटे. बाहेरची घंटा झाली म्हणून पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागू लागले, तर परवानगीपत्र दाखवावे. ते हाताशी ठेवा, दप्तरात नको.

अबोली_पुणे
मागणीवक्र काढा, असा प्रश्न हमखास येतो. आकृती कोण काढणार?

जुना_खडू
दृष्टीवर अवलंबून असलेल्या प्रश्नांऐवजी पर्यायी प्रश्न देण्याचे धोरण आहे. तो कसा देणार आणि गुण कसे धरणार, हे सोमवारी वर्गात विचारू नका. उद्याच्या अर्जात तेही लिहून मागा.

अबोली_पुणे
परीक्षा विभाग उद्या सकाळी साडेदहाला उघडतो. दोन्ही अर्ज विद्यार्थ्याच्या सहीने तयार करते आहे. लेखनिक बदलल्याचे आणि पर्यायी प्रश्नाचे एकाच कागदावर मागावे की वेगवेगळ्या?

नदीकाठ
वेगवेगळ्या. एक अडला तर दुसरा अडू नये.