घोटा लई वाकडाय, सांधा बदलावा का?

उदगीरकर: मामांचा घोटा जुन्या फ्रॅक्चरनंतर आतल्या बाजूला पार कलंडलाय, लातूरला दाखवलं तर 25 डिग्री वाकडाय म्हणले, सांधा बदलता येईल पण रिस्क हाय. कसली रिस्क ओ?

फिजिओताई: नुसता सांधा बसवून भागत नाही, लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) सैल-घट्ट करणं, कधी टाचेचं हाड कापून सरळ करणं सोबत लागतं, नाहीतर वजन एकाच कडेवर येऊन नव्या सांध्यातलं प्लास्टिक झिजतं, इम्प्लांट (बसवलेला सांधा) ढिलं होतं आन् पाय परत वाकडा. ऑपरेशनमध्येच हाड मोडू शकतं, नस ताणू शकते. घोट्याची पुढची कातडी पातळ, जखम चिघळते. शुगर?

उदगीरकर: हाय. तंबाखू बी.

परळीवाला: आधी तंबाखू सोडवा राव! एवढ्या वाकड्या पायाला बरेच सर्जन सांधा जाम करायचंच (हाडं एकमेकांना जोडून घोटा कायमचा न हलणारा करायचं) सुचवतात, रानात चालणाऱ्याला तेच बरं वाटतं मला.