मदत हवी आहे: वाचन होतं, लिहायला हात धजत नाही

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरते. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. 9 पेपर, त्यातले 7 प्रत्येकी 250 गुणांचे. रोज उत्तरं लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही, हे पक्कं कळतं. तरी रात्री वही कोरीच असते. ‘पोरीत धमक आहे’ असं आई अजून म्हणते, आणि तेच आता मनाला लागतं.

गेल्या आठवड्यात ठरवलं, सकाळच्या चहाआधी घड्याळ लावून एकच उत्तर. चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी खाडा पडला, मग सगळंच सुटलं.

ज्यांनी ही सवय खरोखर टिकवली त्यांनी सांगा: खाड्यानंतर परत कसे बसलात? पेठेत कुणी रोज वह्या अदलाबदल करून तपासायला तयार असेल, तर कृपया कळवा.