मदत हवी आहे: भावजय बाळाच्या पुढच्या लशी द्यायला तयार नाही, तिच्याशी कसं बोलू?

माझा भाचा पाच महिन्यांचा आहे. दीड महिन्याची लस झाली, त्यानंतर एकही नाही. अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस राहिलेत. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. भावजयीने एकदा "बाळ झोपलंय" आणि एकदा "सर्दी झालीय" म्हणून परत पाठवलं. खरं कारण तिने मला गेल्या आठवड्यात सांगितलं.

लस दिली त्या रात्री बाळ तापाने फणफणलं. डाव्या मांडीवर सुपारीएवढी गाठ आली, पाय जरा हलला तरी कळवळून रडायचं. भाऊ नोकरीसाठी चाकणला असतो. ही एकटी रात्रभर त्याला घेऊन बसली. सकाळी विचारायला गेली, तर "लशीने ताप येतोच, त्यात काय एवढं" असं ऐकून परत आली. मला म्हणाली, "ताई, त्यांना माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं? आणखी काय काय सांगत नसतील?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग मी चूक केली. घटसर्प, डांग्या खोकल्याचे व्हिडिओ पाठवले, २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावली तेही सांगितलं. ती गप्प झाली. आता माझा फोनही पटकन उचलत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेक जास्त खोल आहे. २०२१ मध्ये कोविडचा दुसरा डोस घेतल्यावर काही आठवड्यांनी तिचे वडील हार्ट अटॅकने गेले. लशीमुळे गेले असं कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही. पण समोर बसवून शंका ऐकून घेणाराही कुणी भेटला नाही. २०२४ मध्ये रक्तात गुठळ्या होण्याच्या दुर्मीळ दुष्परिणामाच्या बातम्या आल्या, तेव्हा तिच्या माहेरी सगळ्यांना वाटलं, आपली शंका खरीच होती. आता त्या दुःखाशी वाद कसा घालायचा?

बालरोगतज्ज्ञांना मी विचारलंय. पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या त्या एकत्रित लशीमध्ये, डांग्या खोकल्याचा जो भाग असतो, त्याने ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो, गाठही हळूहळू विरते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेले दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने वर्षाच्या आत देता येतात. कमी ताप येणारी लस खासगीत मिळते, तिचा खर्च मी करायला तयार आहे. पण हे सगळं मी सांगितलं की ते नणंदेचं सांगणं होतं, सासरचा दबाव वाटतो. भाऊ म्हणतो, "तिचं तिला ठरवू दे."

कृपया तिला अडाणी म्हणू नका. ती बी.एस्सी. आहे, आणि त्या बाळासाठी रात्र रात्र जागते.

ज्यांनी स्वतः मुलांच्या लशी मध्येच थांबवल्या होत्या आणि नंतर दिल्या, त्यांनी कृपया लिहा. तेव्हा तुम्हाला कुणाचं, कोणतं बोलणं पटलं? सिस्टरनाच घरी बोलावून तिच्या शंका ऐकायला सांगितलं तर बरं पडेल, की ते तिला घेरल्यासारखं वाटेल?

गावात पुढचं लसीकरण बुधवारी आहे. मी रजा टाकून मंगळवारीच जातेय. तिने लस द्यायची ठरवली तर बुधवारची रात्र बाळाजवळ मी जागेन, एवढं तिला सांगणार आहे. नाही म्हणाली तरी राहणार आहेच. त्यापुढे काय बोलू, आणि काय अजिबात बोलू नको?