प्रिंटर, कॅमेरे, सर्व्हर... ऑफिसात हाताने आयपी देणं बंद करावं का?

पॅचपॅनेल (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. राउटर, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटणारा) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) सर्व्हर, स्विचचे मॅनेजमेंट पत्ते एवढे सोडले तर ऑफिसातल्या एकाही यंत्रावर आयपी हाताने टाकू नये. प्रिंटर, कॅमेरा, हजेरीचं मशीन, फाइल सर्व्हर, सगळ्यांना डीएचसीपी रिझर्व्हेशन. पत्ता कायमचाच राहतो, फक्त तो यंत्रात न लिहिता सर्व्हरवर लिहिलेला असतो.

कारण म्हणजे ती एक्सेल. पत्ते हाताने दिले जातात तिथे 'आयपी लिस्ट फायनल नवीन' अशा नावाची फाइल असतेच आणि ती हमखास जुनी असते. पत्ता टाकायचा एकीकडे, नोंद करायची दुसरीकडे. घाईच्या दिवशी दुसरं काम राहून जातं. मग कोणीतरी पिंग करतो (त्या पत्त्यावर कोणी आहे का, अशी हाक मारतो), उत्तर येत नाही, 'मोकळा दिसतोय' म्हणून तोच पत्ता नव्या यंत्राला देऊन टाकतो. यंत्र तेवढ्यापुरतं बंद असेल किंवा विंडोजच्या फायरवॉलने पिंग अडवलं असेल, हे लक्षात येईपर्यंत अकाउंट्सचा प्रिंटर कधी चालतो, कधी रुसतो. रिझर्व्हेशनमध्ये पत्ता देणारा आणि नोंद ठेवणारा एकच. उद्या डीएनएसचा पत्ता बदलला तर तो एका जागी बदलायचा, लीज (पत्ता वापरायची ठरलेली मुदत) नवी होताना सगळ्यांना पोचतो. स्टॅटिकवाल्यांनी, म्हणजे हाताने पत्ते टाकणाऱ्यांनी, मजलाभर फिरावं.

रात्रपाळी

कागदावर झकास. आता वीज जाऊन आल्यानंतरचं बोलू.

यूपीएस संपला, सगळं बंद, मग वीज आली. प्रिंटर आणि कॅमेरे लगेच उठतात. तुमचा डीएचसीपी सर्व्हर व्हर्च्युअल मशीन आहे. त्याच्या होस्टला (ते ज्या खऱ्या यंत्रावर चालतं त्याला) उठायला त्याहून कितीतरी वेळ लागतो. तोवर पत्ता मागणाऱ्यांना उत्तर द्यायला कोणी नाही. काही यंत्रं १६९.२५४ वाला, इथे बिनकामाचा पत्ता स्वतःच घेऊन बसतात, काही थोडा वेळ विचारून गप्प होतात आणि पुन्हा बंद-चालू केल्याशिवाय हलत नाहीत. त्यात कोणी हौसेने होस्टलाच रिझर्व्हेशनवर टाकलं असेल तर संपलंच: सर्व्हर होस्टवर, होस्टचा पत्ता सर्व्हरकडे.

दुसरं. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणतो आणि त्याच्या लॅन पोर्टात ऑफिसची केबल खुपसतो. तोही पत्ते वाटायला लागतो आणि ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता लागतो. त्या दिवशी ज्यांना हाताने आयपी दिला होता तेवढेच कामं करत असतात. माझ्याकडे सर्व्हर, स्टोरेज, बॅकअप सगळं स्टॅटिक आहे आणि तसंच राहणार.

पॅचपॅनेल

> ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता लागतो

यासाठी स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग असतं. कुठल्या पोर्टवरून डीएचसीपीचं उत्तर येऊ द्यायचं हे ठरवून टाकलं की घरचा राउटर कितीही ओरडला तरी कोणाला ऐकू जात नाही. मॅनेज्ड स्विच विकत घेऊन ते चालूच करायचं नाही, आणि मग डीएचसीपीला दोष द्यायचा?

सर्व्हर पडण्याचं भय जरा वाढवून सांगताय. विंडोज सर्व्हरवर लीज मुळात ८ दिवसांची असते आणि यंत्र ती अर्धी सरली की नवी करून घेतं. म्हणजे सर्व्हर आत्ता बंद पडला तरी चालू असलेल्या यंत्राकडे निदान ४ दिवस असतात. विंडोजचं यंत्र मधेच बंद करून चालू केलं, तरी लीज शिल्लक असेल आणि गेटवे (नेटवर्कबाहेर नेणारा राउटर) उत्तर देत असेल तर ते जुनाच पत्ता वापरतं. शिवाय विंडोज सर्व्हर २०१२ पासून दोन सर्व्हरचं फेलओव्हर (एक पडला की दुसरा सांभाळतो) आहे, लिनक्सवर कीआ हा डीएचसीपी सर्व्हर आहे. होस्टचं मान्य, तो स्टॅटिकच हवा.

रात्रपाळी

तुम्ही पीसीबद्दल बोलताय, मी प्रिंटर आणि हजेरीच्या मशीनबद्दल. त्यातली बरीचशी वीज गेली की लीज विसरतात. नेमकी तीच यंत्रं तुम्हाला रिझर्व्हेशनवर न्यायची आहेत.

एक्सेलप्रेमी

लहान ऑफिसवाल्याचे दोन शब्द. एका /२४ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका तुकड्यात) वापरण्याजोगे पत्ते २५४. १ ते २० नेटवर्कची यंत्रं, २१ ते ५० सर्व्हर, ५१ ते ९९ प्रिंटर-कॅमेरे, १०० ते २४० डीएचसीपीचा पूल (आपोआप वाटायचे पत्ते). एवढी वाटणी पाळली की एक्सेल पुरते. तंटा होतो तो पूलच्या आतला पत्ता कोणी हाताने टाकला की. आयपी तपासायचाच असेल तर त्याच सबनेटमधून एआरपीने ('हा पत्ता कोणाचा?' ही थेट विचारणा) तपासा. फायरवॉल पिंग अडवतो, एआरपीला मात्र उत्तर द्यावंच लागतं. (यंत्र बंद असेल तर तेही नाही, हे खरं.)

आणि आता कोणीतरी नेटबॉक्स बसवा म्हणेल. पत्त्यांची नोंद ठेवायला उत्तम सॉफ्टवेअर आहे, पण भरायचं शेवटी आपल्यालाच.

सबनेटवाली

धागाकर्त्याचा मुख्य मुद्दाच मला पटत नाही. रिझर्व्हेशनची यादी म्हणजे खरी नोंद, हे कोणी सांगितलं? रिझर्व्हेशन मॅक ॲड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) असतं. प्रिंटरचं नेटवर्क कार्ड बदललं की मॅक बदलला. पूलमधून भलताच पत्ता मिळतो आणि सगळ्यांची छपाई बंद. यूएसबीचा लॅन ॲडॉप्टर तर टेबलाटेबलावर फिरतो, रिझर्व्हेशन त्याच्याबरोबर फिरतं. भंगारात गेलेल्या यंत्रांची रिझर्व्हेशनं सर्व्हर आपणहून काढत नाही, ती वर्षानुवर्षं पत्ते अडवून बसतात. तुमची एक्सेल फक्त दुसऱ्या खिडकीत गेली.

फोनचं तर बोलायलाच नको. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून सेटिंग बदलल्याशिवाय वायफायवर खरा मॅक दाखवतच नाहीत. पाहुण्यांच्या वायफायवर ८ दिवसांची लीज ठेवून कुणी 'पत्ते संपले' म्हणून रडत आलं की मी आधी लीज काही तासांवर आणते.

अजून एक, आयएससी या संस्थेचा जुना डीएचसीपी सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी: तिथे रिझर्व्हेशनचा पत्ता पूलच्या बाहेर ठेवावा लागतो, नाहीतर तोच पत्ता दुसऱ्यालाही मिळू शकतो. विंडोजवर तो स्कोपच्या (तिथल्या पूलच्या) रेंजमध्ये असला तरी चालतो. एकीकडची सवय दुसरीकडे नेऊ नका.

पॅचपॅनेल

मॅक बदलण्याचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर छपाई नावाने जोडावी, आयपीने नाही. भंगारातल्या रिझर्व्हेशनबद्दल मात्र असहमत. सर्व्हरवर कुठलं रिझर्व्हेशन चालू आहे आणि कुठलं निष्क्रिय, ते समोर दिसतं. शिवाय कुठला पत्ता कधी कोणत्या मॅककडे होता हे लॉगमध्ये सापडतं. एक्सेल यातलं काहीच सांगत नाही.

नवखा_ॲडमिन

भांडणात मधेच विचारतो. आमचं नवीन ऑफिस होतंय, रेंज कुठली घेऊ? १९२.१६८.१ चालेल ना?

सबनेटवाली

नको. घरोघरी राउटर तीच किंवा १९२.१६८.० वाली रेंज वापरतात. घरून व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्याला ऑफिसचा सर्व्हर आणि घरचा प्रिंटर एकाच पत्त्यावर दिसतील आणि तक्रार तुमच्याकडे येईल. खाजगी वापरासाठी १० ने सुरू होणारा अख्खा गट मोकळा आहे, १७२.१६ ते १७२.३१ आहे. १० मधली मधलीच कुठलीतरी रेंज घ्या, १०.०.० पण टाळा, तीही सगळ्यांना सुचते. पीसी, फोन, कॅमेरे आणि पाहुणे वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कांत), आत्ताच. माणसं बसल्यावर करायला गेलात तर शनिवार-रविवार जातील.

रात्रपाळी

आणि होस्ट, गेटवे, डीएनएस यांचे पत्ते छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. एक्सेल ठेवलेला फाइल सर्व्हर त्याच होस्टवर असतो.